यात्रेकरूचं सांडपाणी



जुन्या गोव्यातला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचा दर्शन सोहळा ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, पण आपल्याकडची गोव्याच्या यात्रेची ओढ काही संपलेली नाही. सोहळ्याला गेलेले पुन्हा जायचं म्हणतात, आणि ज्यांचं राहून गेलं ते तर म्हणतातच. आपल्या आदिलाबादच्या माणसाला समुद्राचं भारी अप्रूप. आपल्याकडे कुंटालाचा धबधबा आहे, कडम नदी आहे, पैनगंगा आहे, जुन्या जिल्ह्याच्या दक्षिणेला गोदावरी आहे. समुद्र मात्र नाही. त्यामुळे यात्रेच्या कागदावर बॉम जेझूस बासिलिका, से कॅथेड्रल, मिस्सा, क्रूसाची वाट असं कितीही लिहिलं तरी पोरंटोरं, आणि खरं सांगायचं तर त्यांचे आजी-आजोबाही, विचारतात ते एकच: बीचवर किती वेळ मिळणार? त्यात काही गैर नाही. समुद्रही देवानंच केला आहे.

माझं म्हणणं खोल्यांबद्दल आहे. मुक्कामाची जागा ठरवताना आपण भाडं विचारतो, गरम पाण्याचं विचारतो, बस उभी करायला जागा आहे का ते विचारतो, समुद्र चालत किती लांब ते विचारतो. यापुढे धर्मग्रामाच्या प्रत्येक यात्रेत आणखी एक गोष्ट विचारली गेली पाहिजे: या खोल्यांच्या संडास-बाथरूमचं पाणी जातं कुठे? नीट उत्तर मिळालं नाही तर ती जागा सोडावी. दुसरी जागा महाग पडली तरी चालेल, एक जेवण साधं करावं.

भक्तिपर लेखात गटार कुठून आलं, असं काहींना वाटेल. ज्यांनी साक्रिस्तीत काम केलं आहे त्यांना वाटणार नाही. मिस्सेनंतर कालिसची वस्त्रं आपण इतर कपड्यांबरोबर बादलीत टाकत नाही. ती आधी वेगळ्या पाण्यात भिजवतो, आणि ते पहिलं पाणी मोरीत ओतत नाही. जुन्या, मोठ्या चर्चमध्ये त्यासाठी साक्रारियम नावाचं वेगळं भांडं भिंतीत बसवलेलं असतं. त्याची नळी गटाराला जोडलेली नसते, सरळ जमिनीत उतरते. लहान चर्चमध्ये ते नसतं, तिथे ते पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा स्वच्छ जागी, बहुधा एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ओतलं जातं. म्हणजे पाण्याचं काम झाल्यावर ते कुठे जातं याची चिंता करणं ख्रिस्तसभेला नवीन नाही. वेदीजवळच्या पाण्याला आपण हा प्रश्न शतकानुशतकं विचारत आलो आहोत.

शास्त्रातही आहे. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात इस्राएलच्या छावणीसाठी नियम सांगितला आहे: शौचासाठी छावणीबाहेर जागा असावी, प्रत्येकाजवळ खणायला हत्यार असावं, खड्डा करावा आणि विष्ठा मातीनं झाकावी. कारण दिलं आहे ते आरोग्याचं नाही. परमेश्वर छावणीतून फिरत असतो, म्हणून. मला हे वाचताना नेहमी गंमत वाटते की इतक्या उंच गोष्टी सांगणाऱ्या ग्रंथाला खणायचं हत्यार सांगायला संकोच वाटला नाही. संकोच आपल्याला वाटतो.

आता गोव्याकडे वळू. जुन्या गोव्यात बासिलिकेतून बाहेर पडून रस्ता ओलांडला की समोर से कॅथेड्रल दिसतं. मध्ये हिरवळ, झाडं, मोकळी जागा. यात्रेकरू म्हणतात, किती शांत आहे! पण ही शांतता नेहमीची नव्हे. सोळाव्या शतकात इथे पोर्तुगिजांच्या पूर्वेकडच्या साम्राज्याची राजधानी होती, बाजार होता, माणसांनी गजबजलेले रस्ते होते. ते शहर गेलं कुठे? चर्च तेवढी राहिली आणि घरं नाहीशी झाली, असं का झालं?

त्याला कारणं बरीच आहेत, व्यापार उतरला, डचांनी समुद्र अडवला. पण एक कारण पाण्याचं आहे. संत फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरले. पुढच्याच वर्षी, १५४३ मध्ये, शहरात भयंकर साथ आली. गास्पार कोरेया या पोर्तुगीज इतिहासलेखकानं तिचं वर्णन करून ठेवलं आहे. लोक वांत्यांनी गळून जात आणि एका दिवसात, फार तर एका दिवसरात्रीत मरत. इतके मेले, की मृतांसाठी चर्चच्या घंटा वाजवू नयेत असा हुकूम गव्हर्नरला काढावा लागला, कारण त्या घंटांनीच जिवंत माणसं भेदरून जात होती. कोरेयानं या रोगाचं स्थानिक नावही लिहिलं आहे, आणि ते आपल्या ओळखीचं आहे: मोडशी. आज आपण साध्या अपचनालाही मोडशी म्हणतो. त्या काळी मोडशी म्हणजे मरण होतं. हाच शब्द फ्रेंचांच्या कानावर पडला तेव्हा त्यांनी त्याचा आपल्या भाषेत ‘मोर द शियें’, म्हणजे कुत्र्याचं मरण, असा अर्थ लावून टाकला. पुढे कित्येक वर्षं युरोपीय वैद्यकाच्या पुस्तकांत पटकीला हे नाव होतं.

साथी येत राहिल्या. हिवताप होता, पटकी होती. गोव्याची जमीन जांभ्याची, भोकाभोकांची. दाट वस्तीत घरोघरी विहीर आणि घरोघरी शौचखड्डा. वर चुन्याच्या सुंदर भिंती, कोरीव वेद्या, आणि खाली खड्ड्यातलं पाणी झिरपत झिरपत विहिरीत. शहर सुधारण्याऐवजी ज्यांना जमलं ते शहर सोडून गेले, आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला नेण्यात आली. पूर्वेचं रोम म्हणवणारं गाव काही प्रमाणात आपल्याच सांडपाण्यात बुडालं, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही. त्या हिरवळीवरून चालताना हे माहीत असलेलं बरं. गाइड सांगत नाहीत.

बरं, ही झाली चारशे-पाचशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा जंतू कुणाला ठाऊक नव्हते. आज ठाऊक आहेत. तरी किनाऱ्यावर काय चाललं आहे?

२०११ च्या जनगणनेप्रमाणे गोव्याची लोकसंख्या १४ लाख ५८ हजार. २०२४ मध्ये तिथे आलेले पर्यटक एक कोटीहून अधिक. हे एक कोटी लोक वर्षभर राहत नाहीत हे खरं, दोन-चार दिवसांत परततात. पण ते सगळ्या गोव्यात सारखे पसरतही नाहीत. उत्तरेला कांदोळी, कळंगुट, बागा आणि दक्षिणेला कोलवा, बाणावली, अशा वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यांत ते दाटीवाटीनं राहतात, आणि त्यातही नाताळ ते नवीन वर्ष या आठवड्यात. वाळूची जमीन, खाली हाताभरावर पाणी, एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी किंवा शेत. अशा जमिनीत सेप्टिक टँक आणि शोषखड्डा करून वीस खोल्यांचं गेस्टहाउस चालवलं की काय होणार, हे समजायला इंजिनिअर व्हायला नको.

आपल्या एका बसचा हिशेब करून बघा. शहरांतल्या पाणीपुरवठ्यासाठी माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, आणि त्यातलं साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडतं. पन्नास माणसांची बस म्हणजे दिवसाला ६,७५० लिटर पाणी, त्यातलं ५,४०० लिटर सांडपाणी. दोन दिवसांचे १०,८०० लिटर. रस्त्यावर दिसणारा पाण्याचा मोठा टँकर डोळ्यांसमोर आणा, तो भरून वर थोडं उरेल एवढं. तेही मी घरच्या बेतानं मोजतो आहे. समुद्रातून आल्यावर प्रत्येक जण वाळू काढायला दोनदा आंघोळ करतो, ते धरलेलंच नाही. आपण पापनिवेदन करून, दर्शन घेऊन, मेणबत्ती लावून परत येतो आणि मागे एक टँकर ठेवून येतो.

टँकर हा शब्द मी उगीच वापरला नाही. सेप्टिक टँक भरले की ते उपसायला टँकर येतात. त्यांनी तो मैला शुद्धीकरण प्रकल्पावर नेऊन द्यायचा असतो. काही नेतात. काही रात्री शेतात, नाल्यात, खाडीच्या कडेला सोडून देतात, आणि गोव्यातल्या वर्तमानपत्रांत अशा पकडलेल्या टँकरच्या बातम्या वर्षानुवर्षं येत आहेत. गेस्टहाउसवाल्यानं पैसे दिलेले असतात, त्याच्या दृष्टीनं विषय संपलेला असतो. आपणही भाडं दिलेलं असतं, आपल्याही दृष्टीनं संपलेला असतो. ज्याच्या शेताच्या बांधाला सकाळी वास येतो, त्याचा तिथून सुरू होतो.

आणि मासेवाल्यांचा. दक्षिण गोव्यात साळ नावाची नदी आहे. वेर्णेकडे उगम पावून मडगावच्या बाजूनं बाणावली, नावेली, वार्का, ओर्ली, असोळणे अशा गावांतून वाहत ती बेतूलला समुद्राला मिळते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी काढली, त्यात ३५१ पट्टे होते, आणि साळचा खारेबांद ते मोबोर हा पट्टा त्यात आहे. अशा खाड्यांच्या तळाच्या रेतीत तिसऱ्या असतात. बाया ओहोटीला गुडघाभर, कमरेभर पाण्यात उतरून त्या हातानं काढतात. तिसऱ्या काय किंवा कालवं काय, यांचं जगणंच पाणी गाळून घेण्यावर. दिवसभर पाणी आत घ्यायचं, त्यातलं अन्न ठेवायचं, पाणी बाहेर सोडायचं. पाण्यात मैल्याचे जंतू असतील तर तेही आत साठतात. म्हणजे साफसफाईचं जे काम आपल्या यंत्रणेनं करायचं ते त्या मुक्या जीवावर येतं, आणि मग ताटात. त्या बाईनं कुठलं गेस्टहाउस बांधलेलं नाही. ती कधी बासिलिकेच्या रांगेत आपल्यापुढे उभीही असेल.

प्रवक्ता यहेज्केलच्या चौतिसाव्या अध्यायाचा पहिला भाग आपण पुष्कळदा ऐकतो, तो वाईट मेंढपाळांचा. धर्मगुरूंनी, पुढाऱ्यांनी कसं वागावं यावर त्याचे दाखले दिले जातात, आणि आपण मागच्या बाकावर बसून माना डोलावतो. त्याच अध्यायात थोडं पुढे परमेश्वर मेंढपाळांना सोडून मेंढरांकडे वळतो, तो भाग फारसा कुणी काढत नाही. धष्टपुष्ट मेंढरांना तो विचारतो, तुम्ही चांगलं कुरण चरलात, उरलेलं पायांनी तुडवलंत. निवळ पाणी प्यालात, उरलेलं पायांनी गढूळ केलंत. आता माझ्या बाकीच्या मेंढरांनी ते तुडवलेलं खायचं आणि ते गढूळ प्यायचं का? त्या मेंढरांनी चोरी केलेली नाही. त्यांनी पाणी प्यावं याबद्दल देवाची तक्रारही नाही. त्यांनी मागे काय ठेवलं, एवढीच विचारणा आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात सुरक्षित पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क म्हटला, तेव्हा पुष्कळांना ते आधुनिक वाटलं. मला तर तो यहेज्केलच वाटला.

आता कुणी म्हणेल, सांडपाणी शुद्ध करणं हे सरकारचं काम. बरोबर आहे, आणि सरकारनं काहीच केलं नाही असंही नाही. २००७ मध्ये जपानच्या कर्जातून गोव्यात पाणीपुरवठा आणि मलनिःसारणाचा मोठा प्रकल्प हाती घेतला गेला. मडगाव, म्हापसा आणि उत्तरेची किनारपट्टी त्यात होती. शुद्धीकरणाची विद्याही काही गूढ नाही. आधी जाळीत कपडे, प्लास्टिक, केस अडवायचे, मग वाळू खाली बसू द्यायची, मग मोठ्या टाकीत पाण्यात हवा सोडत राहायची. हवा मिळाली की पाण्यातलेच सूक्ष्म जीव वाढतात आणि घाण खाऊन टाकतात. ते खाऊन जड झाले की गाळ होऊन तळाशी बसतात, वरचं पाणी निवळतं, शेवटी क्लोरीन किंवा तसंच काही देऊन जंतू मारायचे. पाण्यात किती घाण आहे ती मोजायला बीओडी नावाचं माप आहे. घरातून निघालेल्या मैलापाण्यात ते लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या वर-खाली असतं. आंघोळीला योग्य नदीत तीनपेक्षा जास्त नसावं असा दंडक आहे. दोनशेवरून खाली आणायचं हे सगळं काम डोळ्यांना न दिसणारे जीव करतात. देवाच्या सृष्टीत सफाई कामगार आधीपासूनच आहेत, आपण फक्त त्यांना हवा आणि वेळ द्यायचा.

घोडं अडतं ते दुसरीकडेच. प्रकल्प उभा राहतो, मोठी वाहिनी रस्त्याखालून जाते, आणि घरापासून त्या वाहिनीपर्यंतची शेवटची काही मीटर नळी कुणी टाकत नाही. गोव्यात २००८ चा मलनिःसारण कायदा आहे, वाहिनी दारात आली की जोडणी घेणं बंधनकारक आहे, तरी प्रकल्प क्षमतेपेक्षा कमी पाण्यावर चालत आले. अंगण खोदावं लागतं, फरशी फुटते, खर्च येतो, बिल सुरू होतं. शोषखड्डा फुकट आहे. मग कोट्यवधींचा प्रकल्प अर्ध्या पोटी आणि त्याच्या शेजारची खाडी भरल्या पोटी. देशभरातही फार वेगळं नाही. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे भारतातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर मैलापाणी तयार होतं; उभारलेली क्षमता ३१,८४१, आणि प्रत्यक्ष शुद्ध होतं २०,२३६. म्हणजे जेवढं शुद्ध करायची सोय आहे तेवढंही होत नाही.

पर्यटनाच्या गावाला आणखी एक अडचण असते, तिचा विचार फारसा होत नाही. त्या टाकीतले सूक्ष्म जीव म्हणजे घरातली जनावरं समजा. त्यांना रोज सारखा चारा लागतो. जूनमध्ये पावसात कळंगुट ओस पडतं आणि ते उपाशी राहतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात एकदम पाच गावांचं जेवण त्यांच्यापुढे येतं. त्यामुळे किनाऱ्यावरचा प्रकल्प चालवायला अनुभवी माणूस आणि बारा महिन्यांची देखरेख लागते. उद्घाटनाची फीत कापून ते होत नाही. गोव्यात गावकरी अशा प्रकल्पाला आपल्या गावात विरोध करतात तेव्हा बाहेरचे लोक त्यांना अडाणी ठरवतात. मला तसं वाटत नाही. बंद पडलेले पंप आणि दुर्गंधी ज्यांनी पाहिली आहे त्यांनी आधी प्रश्न विचारावेत हे रास्तच आहे. पण प्रश्नांची उत्तरं मिळाल्यावरही नको म्हणायचं, तर मग रात्रीच्या टँकरला हो म्हटल्यासारखंच होतं. तिसरा रस्ता वाळूत नाही.

यहेज्केलच्याच सत्तेचाळिसाव्या अध्यायात मंदिराच्या उंबऱ्याखालून निघालेलं पाणी पूर्वेला वाहत जाऊन मृत समुद्राला जिवंत करतं, कोळी काठावर जाळी वाळत घालतात, झाडांना दर महिन्याला फळ येतं. पास्काच्या काळात आपण हे चित्र मोठ्या आनंदानं आठवतो. त्यात मधेच एक छोटं वाक्य आहे, की डबकी आणि दलदली मात्र बऱ्या होणार नाहीत, त्या खारटच राहतील. पंडितांचे त्यावर वेगवेगळे अर्थ आहेत. मला आपलं साधंच दिसतं: ज्या डबक्यानं स्वतःला प्रवाहाशी जोडून घेतलं नाही, ते तसंच राहिलं.

पाहुण्याच्या हातात काय आहे मग? माझ्या मते पुष्कळ. मालक सरकारच्या नोटिशीला वर्षभर टोलवू शकतो. पन्नास माणसांचं बुकिंग हातचं जाताना त्याला ते टोलवता येत नाही. म्हणून फोनवरच विचारायचं: तुमची जोडणी सरकारी मलवाहिनीला आहे का? नसेल तर स्वतःचं शुद्धीकरण यंत्र आहे का, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र आहे का? सेप्टिक टँकच असेल तर तो कोण उपसतं आणि कुठे नेतं? पहिल्या प्रश्नाला समोरचा हसेल. हसू द्या. दहा धर्मग्रामांनी तेच विचारलं की हसणं कमी होईल. आणि विचारताना आवाज चढवायचं कारण नाही, आपण तपासनीस नाही, पाहुणे आहोत. लहान गेस्टहाउस चालवणारी बाईही आपल्यासारखीच हप्ते भरत असते. तिच्या गल्लीत वाहिनीच आली नसेल तर तो तिचा दोष नाही. अशा ठिकाणी टँक वेळेवर उपसला जातो का आणि मैला प्रकल्पावर पोचतो का, एवढी खात्री मिळाली तरी मी पुरे म्हणेन.

टँक उपसण्यावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. माणसाला टाकीत उतरवून मैला काढायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तरी माणसं उतरवली जातात आणि विषारी वायूनं गुदमरून मरतात; अशा मृत्यूसाठी कुटुंबाला ३० लाख रुपये द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. मोठ्या गुरुवारी आपण बारा जणांचे पाय धुतो, आणि ते परातीतलं पाणी नेऊन टाकायचं काम कुणा स्वयंसेवकाकडे असतं. त्या कामाचं कुणाला काही वाटत नाही, कारण ते पाणी तसं स्वच्छच असतं; पाय धुवायला येणारे घरून धुऊन आलेले असतात. ज्याच्या हातात खरंच घाणीची परात दिली आहे, तो आपल्या भावांपैकी आहे का, हे यात्रेच्या ठिकाणीही विचारायचं आहे आणि इथे चर्चच्या सभागृहामागचा टँक उपसताना तर आधी विचारायचं आहे. यंत्राची गाडी मागवा. थोडे दिवस थांबावं लागलं तरी थांबा.

आणि आपल्या जिल्ह्याचं काय, असं कुणी म्हणायच्या आत मीच म्हणतो. समुद्र नाही म्हणून आपण या हिशेबातून सुटत नाही. आपल्याकडच्या बहुतेक गावांत मोरीचं पाणी नालीतून ओढ्याला जातं. कडमचं पाणी गोदावरीला मिळतं. पैनगंगा वर्धेला, वर्धा पुढे प्राणहिता होऊन गोदावरीला, आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. गोव्याच्या साळ नदीचं नाव ज्या यादीत आहे, त्याच २०१८ च्या यादीत गोदावरीचा बासर ते खम्मम हा पट्टाही आहे. २०१६ मध्ये जिल्हे वेगळे होईपर्यंत बासर आपल्याच जिल्ह्यात होतं. तिथे हजारो हिंदू बांधव लेकरांना पाटी-पेन्सिल धरून पहिलं अक्षर गिरवायला आणतात आणि नदीत स्नान करतात. त्यांच्या स्नानाचं पाणी वरच्या गावांनी कसं सोडलं आहे, हा त्यांच्या श्रद्धेइतकाच आपल्या श्रद्धेचाही प्रश्न आहे. सुट्टीत कुंटालाला सहलीला जाणाऱ्या आपल्या तरुण मंडळाला एवढंच सांगणं, की धबधब्याच्या वरच्या बाजूला आडोसा शोधू नका. खाली कुणी तरी आंघोळ करत असतं.

खोलीत राहताना काय करायचं ते तर प्रत्येक आईला माहीत आहे. बाळाची लंगोटं, सॅनिटरी पॅड, गुटख्याच्या पुड्या संडासात टाकायच्या नाहीत. त्या जाळीत अडकतात आणि पंप बंद पाडतात. वाळू नळाखाली नाही, बाहेर झटकायची. शांपूची पुडी एकाला एक पुरते, तीन लागत नाहीत.

या हिवाळ्याच्या यात्रेची यादी आता होते आहे. बसच्या जागा जवळजवळ भरल्या आहेत, मुक्काम अजून ठरलेला नाही. जुन्या गोव्यापासून फार लांब नसलेलं, मलवाहिनीची जोडणी असलेलं किंवा स्वतःचं शुद्धीकरण यंत्र नीट चालवणारं साधं निवासस्थान कुणाच्या माहितीत असेल, तर त्यांनी रविवारी मिस्सेनंतर मला गाठावं. माणशी दोनशे रुपयांपर्यंत जास्त पडले तरी चालतील, असं मी यादीच्या वर लिहून ठेवलं आहे. ज्यांना ते जड जातील त्यांनी मला बाजूला घेऊन सांगावं, त्यांची सोय करू.